डोळे मिटून दिलेला होकार

शाळेच्या फाटकाला नवं कुलूप बसलं, त्या सकाळी कुलपाला कुणी शिव्या घातल्या नाहीत. त्या सगळ्या सेलाच्या वाट्याला आल्या.

मेरिन बेंड या गावच्या कॅथलिक प्राथमिक शाळेत मुलांना थेट वर्गापर्यंत सोडायची पद्धत होती. नुसतं सोडायचं नाही, तर घंटा होईपर्यंत सतरंजीवर मांडी घालून मुलाबरोबर एखादं पुस्तक वाचायचं. सिस्टर लोक शाळा चालवायच्या तेव्हापासून हे असंच होतं. आईला कामावर लवकर जायचं असेल तर बाप यायचा, बाप द्राक्षांच्या छाटणीला गेलेला असेल तर आजोबा यायचे. आता मात्र पालकांनी फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. बाहेरच मुलाचा पापा घ्यायचा आणि चालू पडायचं. मुख्याध्यापिका डेनिस हॅरो यांनी तसं शाळेच्या बातमीपत्रातून कळवलं होतं, आणि वर हेही लिहिलं होतं की शाळेच्या सल्लागार मंडळाने या निर्णयाला एकमताने पाठिंबा दिला आहे.

मंडळावर पालकांच्या वतीने होती मूळची टोंगा बेटांवरची सेलाफिना, म्हणजे सेला. त्यामुळे लोक तिच्याकडेच वळणार हे उघड होतं. एक आई तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. दुसरी कुणाला तरी सांगत होती की खुर्ची मिळाली की माणसं अशीच बदलतात, आणि ते सेलाला ऐकू जाईल अशा बेताने सांगत होती. म्हातारा विन्स मोराबितो मात्र सरळ तिच्यापुढे येऊन उभा राहिला. लेक गेल्यापासून निको या नातवाला तोच सांभाळत होता. सकाळी वर्गात नातवाला मांडीवर घेऊन तो वाचायचा तेव्हा त्याचे उच्चार निकोच दुरुस्त करायचा.

"पोरी, तू हो म्हणालीस?" विन्सने विचारलं.

"मी हो म्हणाले नाही."

"मग 'नाही' असं म्हणालीस का?"

सेला कुलपाकडे बघू लागली. विन्सने मान हलवली आणि निकोचं दप्तर कुंपणावरून आत ठेवलं.

तिची स्वतःची लेक, लोसा, तेवढा वेळ तिच्या स्कर्टला धरून उभी होती. लोसा घरी पोपटासारखी बोलायची, पण शाळेत पहिल्या दिवसापासून तिच्या तोंडून अक्षर फुटलं नव्हतं. मिल्ड्युरा शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी त्या दुखण्याचं लांबलचक नाव सांगितलं आणि उपायही सांगितला. विश्वासाचं माणूस शेजारी बसलं की हळूहळू आवाज मोकळा होईल, घाई करू नका. सेलाने वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातली सकाळची पाळी सोडून दुपारची घेतली आणि वर्षभर ती त्या सतरंजीवर बसली. आधी लोसा आईच्या कानात कुजबुजायची. मग पुस्तकात तोंड खुपसून कुजबुजायला लागली. आणि सुट्टी लागायच्या आधी तिने एक अख्खं पान असं वाचलं की वर्गशिक्षिका मिस केरिन फळ्याकडे तोंड करून उगीचच फळा पुसत राहिल्या.

आता ती सतरंजी कुलपाच्या पलीकडे होती. आणि कुलूप म्हणे सेलाच्या संमतीने लागलं होतं.

ती संमती कशी दिली गेली हे सेलाला त्या क्षणापर्यंत समजलेलं नव्हतं. डेनिसनीच तिला मंडळावर बोलावलं होतं. आपल्याकडे टोंगन कुटुंबं इतकी आहेत, त्यांचा आवाज आम्हाला हवा आहे, असं म्हणाल्या होत्या. सेलाला बरं वाटलं होतं. कोपराला लावलेला गूळ कधी कुणाला चाटता आलाय का, पण त्या दिवशी तिला तो गोड लागला. बैठकीत मेणबत्ती लावलेली असायची, चहाबिस्किटं असायची, फादर जेरार्ड कोपऱ्यातल्या खुर्चीत पेंगत असायचे. डेनिसनी फाटकाचा विषय काढला. कुणी एक अनोळखी माणूस दुपारी मैदानात शिरला होता. दुपारी माणूस शिरला म्हणून सकाळी आयाबापांना बंदी! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. सेलाने तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात डेनिस म्हणाल्या की यावर वाद नको, आपण थोडा वेळ शांततेत बसू या, हा प्रश्न प्रभूच्या हाती देऊ या.

सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. सेलानेही मिटले. टोंगन घरात प्रार्थना चालू असताना छप्पर कोसळलं तरी कुणी बोलत नाही. मग फादर समोर बसलेले असताना कोण बोलणार? तिने मनातल्या मनात देवाकडे एवढंच मागितलं की प्रार्थना संपली की मला नीट बोलता येऊ दे. प्रार्थना संपली. डेनिस 'आमेन' म्हणाल्या, सर्वांचे आभार मानले आणि लगेच शाळेच्या जत्रेतल्या सॉसेजच्या स्टॉलच्या विषयाकडे वळल्या. सेलाला वाटलं, फाटकावर बोलणं पुढच्या बैठकीत होईल. प्रार्थनेत ठराव मंजूर होतात हे तिच्या बापजन्मी कुणी तिला सांगितलं नव्हतं.

कुलूप लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती डेनिसच्या खोलीत जाऊन उभी राहिली. डेनिस वाईट बाई नव्हत्या. त्या ओरडल्या असत्या तर सेलाचं निम्मं काम झालं असतं. पण त्या गोड बोलल्या, पाण्याचा ग्लास पुढे केला, लोसाची चौकशी केली. मग म्हणाल्या की आपण सगळ्यांनी मिळून, शांतपणे, विचारपूर्वक हे ठरवलं आहे.

"मी प्रार्थना करत होते," सेला म्हणाली.

"आपण सगळेच करत होतो. आणि कुणीही हरकत घेतली नाही."

"प्रार्थनेत हरकत कोण घेतं, डेनिस?"

डेनिस हसल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं की तसंही मंडळ फक्त सल्ला देतं, तिथे मतदान नसतं, निर्णय शेवटी मुख्याध्यापिकेचा. ते ऐकल्यावर मात्र सेलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निर्णय तुमचाच होता, तर त्याच्याखाली माझं नाव कशाला? निर्णय आधी घ्यायचा, मग चार माणसं गोळा करून, मेणबत्ती लावून, त्यांच्या माना खाली घालायच्या आणि गावाला सांगायचं की बघा, तुमच्याच माणसांनी ठरवलं. हे सगळं तिच्या ओठांवर आलं, आणि बाहेर पडलं ते एवढंच की लोसाला माझी गरज आहे. डेनिस म्हणाल्या, मुलांना स्वावलंबी व्हायची संधी द्यायला हवी, थोडा धीर धरा. दारापर्यंत सोडायला आल्या आणि जाता जाता विचारलं, जत्रेत डुक्कर भाजायला तुमचा नवरा सोआने आणि त्याचे भाऊ येतील ना? मागच्या वर्षी फार छान झालं होतं.

म्हणजे खड्डा खणायला, डुक्कर भाजायला, केक विकायला, शनिवारी कुंपण रंगवायला आईबाप हवेत. त्याला सहभाग म्हणायचं. त्याच माणसांनी मुलाच्या शेजारी बसून एक पान वाचलं तर ती सुरक्षेची अडचण! सेला गाडीत बसली आणि तिने स्टिअरिंगवर हात आपटला. नुसता हात दुखला, बाकी काही झालं नाही.

लोसाचं तोंड शाळेत पुन्हा बंद झालं. मिस केरिननी एका सकाळी कुंपणाशी येऊन हे हळूच सांगितलं आणि कुणी पाहत नाही ना ते बघत निघून गेल्या. तेवढ्यावर थांबलं असतं तरी सेलाने सोसलं असतं. पण मग एका संध्याकाळी लोसाने जेवताना पावाकडे नुसतं बोट दाखवलं. सोआनेला वाटलं पोर लाडात आली आहे. सेलाने तिला विचारलं, पाव हवा का? लोसाने मान हलवली. घरात, आपल्याच टेबलाशी, आपल्याच आईबापासमोर नुसती मान हलवली. 

नवऱ्याचं म्हणणं होतं, वेळ जाऊ दे. फादर आहेत, मुख्याध्यापिका आहेत, मोठ्या माणसांपुढे आपण आवाज चढवत नाही, तुझ्या आईने तुला हेच शिकवलं ना?

"हेच शिकवलं," सेला म्हणाली. "आणि हेच लेकीला शिकवतेय मी. बघ, कशी पटकन शिकली."

सोआने ताट उचलून आत गेला. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

पुढचा रविवार शाळेचा रविवार होता. त्या दिवशी शाळेतली सगळी कुटुंबं मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला येतात, एरवी चर्चची पायरी न चढणारी सुद्धा. पुढच्या बाकावर डेनिस बसल्या होत्या. विन्स इस्त्रीचा कोट घालून निकोला घेऊन आला होता. श्रद्धावंतांच्या प्रार्थना वाचायची पाळी सेलाच्या घराची होती. ती काळा पोशाख घालून, टोंगन रीतीप्रमाणे कमरेला विणलेली चटई गुंडाळून वर वेदीपाशी गेली. शाळेच्या ऑफिसातून आलेला कागद तिने समोर ठेवला. तिच्या मनात काहीही ठरलेलं नव्हतं. राग होता, पण तो कामाला निघताना घरी ठेवून यायची तिला सवय झाली होती.

तिने पोपसाठी वाचलं, मग आजाऱ्यांसाठी, मग पावसासाठी. प्रत्येक वेळी शेवटी ती म्हणायची, "प्रभो, आमचं ऐक," आणि सगळं चर्च एका सुरात उत्तर द्यायचं, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक." लहानपणापासून जिभेवर बसलेले शब्द. त्यासाठी विचार करावा लागत नाही, निम्मे लोक तर तेव्हा जेवणाला काय करायचं ते ठरवत असतात.

मग पुढची ओळ आली. आपली शाळा कुटुंबांचा हात हातात धरून चालते आहे, त्याबद्दल देवाचे आभार मानू या.

सेला थांबली. खाली लोसा बापाच्या मांडीवर तोंड मिटून बसली होती. सेलाला ती ओळ वाचता येईना. तिने कागद उलटा करून ठेवला आणि लोकांकडे पाहिलं.

"फाटकाबाहेर उभ्या केलेल्या आईबापांसाठी," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "प्रभो, आमचं ऐक."

"प्रभो, आमची प्रार्थना ऐक," चर्च म्हणालं.

"ज्या लेकरांची वाचा आणि ज्यांचं वाचन त्या कुलपाने बंद केलं त्यांच्यासाठी. माझ्या लोसासाठी, विन्सच्या निकोसाठी. प्रभो, आमचं ऐक."

"प्रभो, आमची प्रार्थना ऐक." या वेळी मागच्या बाकांवरून आवाज जरा जोरात आला.

"आणि सोमवारपासून ते फाटक सकाळी घंटा होईपर्यंत सगळ्या पालकांना उघडं राहावं म्हणून. प्रभो, आमचं ऐक."

आता बऱ्याच लोकांच्या लक्षात आलं होतं की हे कागदावर नाही. पण जिभेला कोण सांगणार? फादर जेरार्ड म्हणाले, विन्स ओरडून म्हणाला, मिस केरिन म्हणाल्या. आणि पुढच्या बाकावर, हात जोडून, डोळे मिटून, डेनिस हॅरोही म्हणाल्या, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक." म्हणून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

मिस्सा संपल्यावर त्या चर्चच्या दारातच सेलाला गाठायला आल्या. भोवती माणसं होती, घरी जायची कुणालाच घाई दिसत नव्हती. डेनिसचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज अजून तसाच मऊ होता. त्या म्हणाल्या की हे योग्य झालं नाही, असे विषय मंडळात मांडायचे असतात.

"मंडळात मांडून झाले," सेला म्हणाली. "आता गावाने एकमताने ठरवलंय. तुम्ही सुद्धा हो म्हणालात."

"सेला, ती प्रार्थना होती. तो होकार नव्हता."

"त्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं."

 डेनिसनी फादरकडे पाहिलं. फादर म्हणाले की डेनिस, मीही म्हणालोय ते, आता माझ्याकडे बघून उपयोग नाही. विन्स निकोचा हात धरून अगदी जवळ येऊन उभा राहिला. फाटकाशी सेलाकडे पाठ केलेली ती आईही आली. डेनिसनी पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"सोमवारपासून," त्या खाली बघत पुटपुटल्या. "घंटेपर्यंत."

"मोठ्याने सांगा," सेला म्हणाली. "मागच्यांना ऐकू आलं नाही."