पेंटरमामाची रेघ

तिला वेलांटी हे नाव मामाने ठेवलं. मामा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षरांवरची लांब रेघ तो पट्टी न लावता, एका दमात ओढायचा आणि तेवढा वेळ भाचरांनी श्वास रोखायचा, असा त्याचा नियम होता. रेघ पुरी झाली की म्हणायचा, "सोडा रे श्वास, नाहीतर तुमच्या आया मला फाडून खातील." त्या रेघेइतकं सुख वेलांटीला पुढे कुठल्याच पदवीने दिलं नाही.

मग मामा झोकांड्या खायला लागला. जीभ जड झाली, एका दुकानदाराची पाटी वाकडी गेली. लोकांच्या तोंडाला कुठे कुलूप असतं? दारुडा असा शिक्का बसला तो बसलाच. आई त्याची थोरली बहीण, सुतासारखी सरळ बाई. तिने त्याला एकदा उंबऱ्यावरूनच परतवून लावलं. पुढे त्याची पाकिटं येत राहिली. आईने ती फोडली नाहीत, फेकलीही नाहीत, कपाटात साड्यांखाली ठेवली. चार वर्षांनी मामाच गेला.

मेंदूच्या आनुवंशिक आजारांच्या मागे लागून वेलांटीचे केस पिकले. एका आजारात लहान मेंदू हळूहळू सुकतो, तोल जातो, बोलणं अडखळतं. हे तिला तोंडपाठ होतं, पण मामा आठवला तो फार उशिरा. एक गवंडी झोकांड्या खात तपासून घ्यायला आला आणि खुर्चीत बसण्याआधीच म्हणाला, "डॉक्टर, मी पीत नाही हो." ती त्याच्याकडे बघतच राहिली. एवढी शिकलेली बाई, आणि घरचंच दिसलं नाही! तिला स्वतःची लाज वाटली.

त्याच संध्याकाळी तिने आईकडे एक पाकीट मागितलं.

"मामाने डिंकाला थुंकी लावून चिकटवलंय ना, तेवढी पुरेल मला त्याचा आजार तपासायला."

"मेलेल्याला तरी सोड गं," आई म्हणाली. "पीतच होता तो. मी डोळ्यांनी पाहिलंय." पण शेवटी तिने सगळ्यात वरचं पाकीट काढून दिलं.

वेलांटीने फक्त डिंकाची पट्टी कापून घेतली. आतला कागद तिने उलगडला नाही, तो आईचा होता. पहिले दोन प्रयत्न वाया गेले, तीन महिने गेले. या आजाराच्या जनुकात तीच तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, निरोगी माणसात चाळीसेक वेळा, फार तर. मामाच्या जनुकात ती साठाच्या वर होती, म्हणजे तोच आजार.

आईची ऐंशी उलटली होती, आणि ती अजून सुईत दोरा ओवत होती. म्हणजे हा दोष तिच्याकडे, अर्थात वेलांटीकडेही, आलेला नव्हता. भीती ती नव्हतीच. सांगितलं तर मामाचा डाग पुसला जाणार, पण आईने या वयात ते घेऊन करायचं काय? वेलांटी आठवडाभर गप्प राहिली. शेवटी मामाचंच पारडं जड झालं.

"आई, मामा दारू पीत नव्हता. आजार होता तो."

आईने हातातली सुई बाजूला ठेवली.

"तोंडाचा वास घे म्हणाला होता, दारात उभा राहून," ती म्हणाली. "ताई, एकदा घेऊन बघ. मी नाक दाबलं आणि दार लावलं."

मग तिने हात पुढे केला. वेलांटीने कापलेलं पाकीट तिच्या हातात दिलं. आत एकच कागद होता. वर लिहिलं होतं, 'ताई, आज सकाळपासून पाणीसुद्धा प्यायलो नाही. बघ.' खाली ब्रशने ओढलेली एक रेघ होती. ती कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत थरथरत, वर-खाली होत गेली होती.

आईने चष्मा लावला. रेघेवरून सावकाश बोट फिरवलं, शेवटच्या टोकापर्यंत.

"सरळच आहे की," ती म्हणाली.