घट उगवला नाही

पाचव्या माळेलाही घटातला गहू उगवला नाही, तेव्हा बोरगावच्या गुणवंताभाऊंच्या घरात सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं. अशा वेळी आपल्याकडे सुनेकडेच पाहतात! प्रणालीनं सोवळं पाळलं नाही म्हणून देवी कोपली, असं सासू कुसुमबाईंनी ठरवून टाकलं. नवमी झाली की तिला माहेरी धाडायचं, परत आणायचं नाही, हेही ठरलं.

मंडळी, घटातली माती कुठली, हे मात्र कोणी विचारलं नाही.

माती रिवाजाप्रमाणे घरच्याच संत्र्याच्या बगीच्यातली होती. तिथं गुणवंताभाऊ चार वर्षांपासून किडीचं, बुरशीचं आणि गवताचं औषध फवारत होते, तेही डब्यावर लिहिलेल्या मापाच्या दुप्पट. गवत निंदायला बाया मिळत नाहीत, आणि साफ बगीच्याला गावात मान. त्या मातीत गवत नव्हतं, तसं गांडूळही नव्हतं. यंदा झाडांचे शेंडे वाळू लागले, तर भाऊ जामसांवलीच्या मारुतीला नारळ फोडून आले आणि त्यांनी परत फवारलं.

प्रणाली रडत बसली नाही. तिनं दोन गाडगी घेतली. एकात बगीच्यातली माती भरली, दुसऱ्यात जुन्या विहिरीजवळच्या कडुनिंबाखालची, जिथं फवारणीचा पंप कधी गेलाच नव्हता. गहू एकाच डब्यातला. पाणी घालायचं काम तिनं सासूवरच सोपवलं.

नवमीला निंबाखालच्या मातीत बोटाच्या पेराएवढं हिरवं उभं होतं. बगीच्याच्या मातीत दाणे कुजले होते.

"मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली, "पाणी आत्याबाईच्या हातचं हाय. आता कोणाले माहेरी धाडता?"

कुसुमबाईंनी मान खाली घातली. भाऊंनी कुजलेले दाणे तळहातावर घेऊन पाहिले. मग म्हणाले, "माती मीच मारून राहिलो होतो, बाई. अन् नाव तुह्यं घेतलं. माफ कर मले."

प्रणाली माहेरी गेली नाही. भाऊंनी गवत विळ्यानं कापून तिथंच झाडाखाली पसरलं, शेणखत टाकलं. माती सुधरायला किती वर्षं लागतील, असं त्यांनी सौसरच्या कृषी अधिकाऱ्यांना विचारलं. सांगता येत नाही, असं उत्तर आलं. संत्र्याच्या पहिल्या दोन ओळी त्याच हिवाळ्यात वाळून गेल्या.

माती मरताना ओरडत नाही, म्हणून आपण दोष घरातल्या गरीब माणसावर टाकून मोकळे होतो. उद्या पंप पाठीवर घेण्याआधी तुमच्या वावरात हातभर खणून पाहा. गांडूळ दिसलं नाही, तर पुढची पाळी तुमच्या झाडांची आहे.