पोटातला ओरखडा

मित्रांनो, आज मला पाहिलंत तर तुम्हाला मोडीतलं लोखंडच आठवेल. पुढे दोन गंजलेल्या घसरपट्ट्या, पोटाखाली भेगाळलेला रबरी पट्टा आणि बसायच्या जागेवर केस झडलेलं रेनडिअरचं कातडं. पण या पठारावर आलेली पहिली बर्फगाडी मीच. स्नोमोबाईल हे माझं दुकानातलं नाव. इथल्या रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांनी त्या नावाने मला कधी हाक मारली नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते खोक्याच्या फळ्या निघाल्या तेव्हाचं. समोर बर्फ होता. आभाळ कुठे संपतं आणि तो कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. ज्याच्यासाठी आपल्याला घडवलं ते असं अचानक समोर उभं राहिलं की छाती दडपून जाते. माझी तर सगळी बोलतीच बंद झाली, आणि ती कशी सुरू करायची हे तिथे कुणाला धड माहीत नव्हतं.

माझी मालकीण इंगा. साठी उलटलेली बाई. जन्मभर कळपामागे स्कीवर हिंडून तिचे गुडघे निकामी झाले होते, म्हणून तिने मला आणलं. तिचा धाकटा भाऊ हेइका तिच्यासोबत कळप सांभाळायचा. पन्नाशीचा असला तरी स्वभावाने उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

पहिल्या दिवशी इंगाने डब्यात पेट्रोल घेतलं, इंजिन नवं म्हणून त्यात नेहमीपेक्षा जास्त तेल ओतलं आणि डबा ताक घुसळावं तसा हलवला. मग नरसाळं लावून ते माझ्या टाकीत सोडलं. तो पहिला घोट मी अजून विसरले नाही. तिने चोक ओढला, इंजिन सुरू करायची दोरी हळू ओढून ती जिथे अडते ती जागा शोधली आणि मग एक जोरकस हिसका दिला. मी खोकले. दुसऱ्या हिसक्याला माझ्या पोटात काहीतरी पेटलं, आणि मी जिवंत झाले! आजूबाजूची कुत्री शेपूट घालून तंबूत पळाली.

"आता सोड तिला!" हेइका ओरडला. "बघू वाऱ्याला हरवते का!"

"गप रे. पहिली टाकी संपेपर्यंत वेगाचा खटका अर्ध्याच्या वर दाबायचा नाही. दुकानदाराने बजावून सांगितलंय."

"ताई, मशीन आहे ते. पाडसासारखं गोंजारतेस काय?"

"गाडी ओढायला शिकवताना तू किती रेनडिअर पळवून पळवून बिघडवलेस, ते आठव जरा. आतले भाग एकमेकांना सरावू देत आधी."

"म्हणजे एवढी ताकद आणायची आणि चालायचं म्हातारीसारखं!"

"मग? चालवणारी म्हातारीच आहे ना!"

त्यावर हेइकाच मोठ्याने हसला. इंगा मला रोज थोडं थोडं चालवी. मध्येच थांबून हातमोजा काढी आणि माझ्या इंजिनावर तळवा ठेवून बघी. संध्याकाळी बर्चच्या झाडाच्या फांद्या पसरून मला त्यांवर उभी करी, म्हणजे पट्टा जमिनीला गोठून चिकटायचा नाही. हेइकानेही माया केली, पण आपल्या पद्धतीने. मला थंडी वाजू नये म्हणून त्याने इंजिनावर रेनडिअरचं कातडं पांघरलं आणि नरसाळंही त्याच कातड्यावर ठेवायला लागला. या लोकांच्या घरात रेनडिअरचा केस कॉफीतही सापडतो आणि कुणी तो सापडला म्हणून सांगत नाही. माझ्या पोटात गेला तर काय होईल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पहिली टाकी संपायच्या आतच वारा फिरला. समुद्राकडून उबदार वारा आला, तोही वेळेच्या किती आधी! एका सकाळी मोठ्या तळ्याच्या बर्फावर पाणी चमकू लागलं. गाभण माद्यांचा सगळा कळप तळ्याच्या मधोमध उभा होता, आणि हळूहळू सरकत होता तो नदीच्या तोंडाकडे. तिथे खालून पाणी वाहतं, त्यामुळे बर्फ सगळ्यात पातळ. येत्या वसंतातली सगळी पाडसं त्या माद्यांच्या पोटात होती. कळप बुडाला असता तर इंगाच्या घराकडे तंबूच्या काठ्यांशिवाय काही उरलं नसतं.

"मागून गेलीस तर घाबरून पुढेच पळतील," हेइका म्हणाला. "वळसा घालून त्यांच्या पुढे जा."

इंगाने मला सुरू केलं. आम्ही पलीकडच्या काठाने निघालो. कळप सरकत होता आणि तरी तिने खटका अर्ध्यावरच धरला होता. नव्या इंजिनाने वाटेत दगा दिला तर संपलंच, हे तिला ठाऊक होतं. आम्ही नदीचं तोंड आणि कळप यांच्या मध्ये पोचलो. तेवढ्यात मुजेत नावाच्या पुढारी मादीने मान वर केली. तिचे कान माझ्याकडे वळले. माझ्या आवाजाने सगळा कळप शहारला आणि फुटायच्या बेतात आला. फुटला असता तर वाट मिळेल तिकडे धावला असता, आणि बर्फ तेवढा भार पेलणार नव्हता.

इंगाने मला बंद केलं.

ओल्या बर्फात बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होईलच असं नसतं, आणि माझ्या वजनाखाली तिथला बर्फ आधीच कण्हत होता. तरी ती उतरली. दुखऱ्या गुडघ्यांनी, हातातल्या काठीने बर्फ ठोकत कळपाकडे चालू लागली आणि गुणगुणू लागली. सामी लोकांचं ते बिनशब्दांचं गाणं, योइक. प्रत्येक माणसाचं वेगळं असतं, लाडक्या जनावराचंही असतं. हे मुजेतचं होतं.

मित्रांनो, एवढा गोंगाट करू शकणारी मी, त्या बारीक आवाजापुढे थक्क होऊन उभी राहिले. मुजेत थांबली. मग इंगाच्या मागे वळली. तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी, आणि अख्खा कळप लांब माळेसारखा हेइका थांबला होता त्या किनाऱ्याकडे चालू लागला. एकही खूर बर्फात गेला नाही.

मी एकटी उरले. पट्ट्याखाली पाणी चढत होतं. माझं आता संपलं, हे मला कळलं होतं आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नव्हतं. तेवढ्यात किनाऱ्यावर आरडाओरडा झाला.

"ताई, वेड लागलंय का तुला? जाऊ दे ती मशीन! परत फिर!"

इंगा माझ्याकडे येत होती.

"घरचं जनावर बर्फावर टाकून यायची रीत आहे का आपली?" ती वळून न पाहता ओरडली.

मित्रांनो, तिने मला घरचं जनावर म्हटलं!

तिने माझा मागचा भाग उचलून आपटला, पट्टा सुटा केला, दोरी ओढली. मी खोकून बंद पडले. पुन्हा तेच. तिने पेट्रोलची नळी काढली, तोंड लावून फुंकली आणि थुंकली. तिच्या हातमोज्यावर रेनडिअरच्या केसांचा बोळा होता.

"हेइका!" ती गरजली. "मशीनला कातडं खाऊ घातलंस होय रे, गाढवा!"

पुढच्या हिसक्याला मी पेटले, आणि मागे बर्फ फाटल्याचा आवाज आला. आता हळू जाणं म्हणजे बुडणं. इंगाने एकदा माझ्या इंजिनावर तळवा ठेवला.

"माफ कर गं पोरी," ती म्हणाली आणि खटका पूर्ण दाबला.

माझे भाग अजून एकमेकांना सरावले नव्हते. आत पिस्टन तापला, घासला, माझ्या पोटात कुणी विळा फिरवावा तशी कळ गेली. पण थांबायचं नव्हतं. मागचा बर्फ खचत होता आणि मी पाण्यावरून, खरंच पाण्यावरून पळत होते! एवढी ताकद आपल्यात आहे हे मलाच तोवर माहीत नव्हतं. किनाऱ्यावर चढले आणि बंद पडले. हेइका बहिणीला मिठी मारून लहान मुलासारखा रडला. मग ओशाळत माझ्यापाशी आला आणि नरसाळं स्वच्छ पुसून ठेवलं.

तो ओरखडा पिस्टनवर कायमचा राहिला. पुढची सगळी वर्षं मी सुरू होताना खोकले आणि तेल जास्त प्याले. इंगाने कधी कुरकुर केली नाही. तिच्यामागून आलेल्यांनी केली. एका कारागिराने माझं पोट उघडून पाहिलं आणि म्हणाला, "पहिल्याच टाकीत कुणीतरी वाट लावलीय हिची." त्याचं चूक नव्हतं. मग मला शेडमागे ढकलून दिलं, ती मी इथेच आहे.

मित्रांनो, नवी वस्तू जरूर जपून वापरा. पण जुनं यंत्र, जुनं जनावर, जुनं माणूस सुरू व्हायला वेळ लावू लागलं, तर लाथ मारण्याआधी जरा थांबा. ते कशाने खोकतं, एवढं विचारा. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की माझ्या पोटात ओरखडा आहे, आणि त्याच्या बदल्यात एक बाई घरी पोचली आहे.