पाचवं रीळ

"केवढा आहे?" जिना चढता चढताच सेलिननं विचारलं.

"अडीच तासांच्या वर."

"मग एक रीळ गाळ. वरच्या गावांची बस साडेसातला सुटते. बसवाल्याला थांब म्हणता येत नाही, हिल्डिंग. तुझ्या सिनेमाला म्हणता येतं."

सेलिन आमच्या लोकगृहाचा, म्हणजे गावच्या सभागृहाचा, कार्यवाह. मी आठवडाभर लाकूड गिरणीत असायचो आणि रविवारी प्रोजेक्टरवर. लांबलचक सिनेमा आला की एखादं रीळ डब्यातच ठेवायचं, हा आमचा रिवाज होता. आजवर कुणी हूं की चूं केलं नव्हतं. आपले सिनेमे म्हणजे तरी काय, दोन माणसं तळ्याकाठी गप्प बसतात. त्यातलं एक गप्प बसणं कमी झालं तर कुणाला कळणार! डब्यांबरोबर आलेल्या कागदावर पाचव्या रिळापुढे लिहिलं होतं, ‘तळं. धुणं. संवाद थोडे.’ मी पाचवा डबा बाजूला सारला.

हा सिनेमा आदल्या उन्हाळ्यात आमच्याच गावात चित्रित झाला होता. लग्नाच्या वऱ्हाडात अर्धं गाव उभं होतं. डेअरीतल्या टेक्लाला मात्र अख्खा प्रसंग मिळाला होता, बोलण्यासकट. लोकगृहाच्या नाटकांत ती दर हिवाळ्यात काम करायची आणि ते बघूनच तिला निवडलं होतं. प्रसंग कसला, हे मी तिला कधी धड विचारलंही नव्हतं. त्या रविवारी ती केस कुरळे करून, दोन्ही बहिणींना घेऊन तिसऱ्या रांगेत बसली. प्रोजेक्टरच्या खिडकीतून मी तिला हातसुद्धा केला.

सहावं रीळ सुरू झालं आणि पडद्यावरची नायिका म्हणाली, "तळ्यावरच्या त्या बाईनं मला सगळं सांगितलं."

टेक्ला अजून पडद्यावर आलीच नव्हती; मी बाजूला सारलेल्या पाचव्या डब्याकडे बघितलं.

सिनेमा संपल्यावर ते रीळ लावता आलं असतं. वीस मिनिटांचा प्रश्न होता. पण त्यासाठी खाली जाऊन, सगळ्यांसमोर, मी काय केलं ते सांगावं लागलं असतं. बाहेर बसनं हॉर्न दिला. मी मान खाली घालून रिळं गुंडाळत बसलो.

जिन्याखालून टेक्लाच्या बहिणीचा, एब्बाचा आवाज आला. "अगं, पण तू होतीस कुठे?"

"काढून टाकलं असेल," टेक्ला म्हणाली आणि हसली. "काम वाईट झालं असेल माझं."

त्या हिवाळ्यात तिनं नाटकात काम केलं नाही. पुढेही कधीच नाही. कुणी आग्रह केला की म्हणायची, "जाणत्या माणसांनी बघून टाकून दिलं मला. आता कशाला मिरवू?"

महिन्याभरानं तोच सिनेमा ओस्टरसुंद शहरात लागला. मी एकटाच जाऊन बघून आलो. टेक्ला वाकून चादर पिळते, मान वर करते आणि म्हणते, "तो यायचा नाही आता. तू जेवून घे." एवढंच. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईनं पर्समधून रुमाल काढला. सांगायचंच, असं ठरवून मी परत आलो. गुरुवारी नेहमीसारखा तिच्याकडे कॉफीला गेलो, वेलचीचे तीन पाव खाल्ले, हवापाण्यावर बोललो आणि घरी आलो. माझी मलाच शिसारी आली, पण पुढच्या गुरुवारीही मी तेच केलं.

अशी सोळा वर्षं गेली. मग तो सिनेमा टीव्हीवर लागला. मी आवाज बंद करून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"हिल्डिंग, ये. आत्ताच्या आत्ता. आणि चांगला कागद आण."

तिचे डोळे रडून सुजले होते आणि चेहरा मात्र उजळला होता. माझ्यापुढे कॉफी ठेवत म्हणाली, "बघितलंस ना? परत जोडलं रे त्यांनी! बरी दिसत होते मी, नाही? आता दिग्दर्शकांना पत्र लिही. तुला जमतं तसलं."

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. ‘माझा प्रसंग परत जोडलात, त्याबद्दल आभार. सोळा वर्षं मी तुम्हाला मनातल्या मनात बोल लावत होते, त्याची माफी असावी.’

मी पेन खाली ठेवलं. "टेक्ला," मी म्हटलं, "त्यांनी कापलंच नव्हतं. मी ते रीळ लावलं नाही. लोकांची बस चुकेल म्हणून."

तिनं विचारलं, "तुला माहीत होतं, त्यात मी आहे?"

"पुढचं रीळ लागल्यावर कळलं."

"आणि नंतर?"

"नंतर दर गुरुवारी सांगणार होतो."

तिनं पत्र स्वतःकडे ओढलं. आभाराची ओळ खोडली, माफीची तशीच ठेवली आणि खाली सही केली. "ह्या दिग्दर्शकांची माफी तर मागायलाच हवी," ती म्हणाली. मग माझा अर्धा भरलेला कप उचलून सिंकमध्ये ओतला, धुतला, पालथा घातला. कोट चढवला आणि दार उघडून उभी राहिली, मी आधी बाहेर पडावं म्हणून.

आमच्या गावात दिवसा कुणी घराला कुलूप लावत नाही. तिनं लावलं आणि पत्र घेऊन टपालपेटीकडे चालायला लागली.