सदतीस ठिपके

मी एक जुना तोफगोळा आहे. अहो, पळू नका मित्रांनो! मी फुटत नाही. माझ्या पोटात दारूचा कणसुद्धा कधी पडला नाही. नुसतं पोलाद, तेही सोळा किलो! माझा जन्मच मुळी सरावासाठी झाला. नव्या जवानांनी मला उचलायचं, छातीशी धरायचं, तोफेत सारायचं आणि हात झटकन मागे घ्यायचा. कारण तोफेचं मागचं झाकण खाडकन बंद होतं. बोट आत राहिलं की संपलंच!

शिकवायला होते उस्ताद. आवाज असा, की तीन मैदानं पलीकडची गाढवंसुद्धा सावधान उभी राहायची. पहिल्याच दिवशी ते विचारायचे, "बोटं किती आणलीत?"

"दहा, उस्ताद!"

"जाताना तेवढीच न्यायची. एक जरी कमी भरलं, तर तुझ्या आईला तोंड मी दाखवू की तू?"

तुकडी शिकून निघाली आणि प्रत्येकाची दहाही बोटं जागेवर असली, की उस्ताद टोकदार लोखंडी पंच आणि हातोडी घेऊन माझ्या कमरेवर एक बारीक ठिपका ठोकायचे. मला अशा गुदगुल्या व्हायच्या म्हणून सांगू!

पुढे मला मोडीत काढलं. उस्तादांनी रीतसर अर्ज करून मला घरी आणलं. आणि तिथं मी काय झालो? गच्चीच्या दाराला लावायचा दगड! ऊन खाल्लं, पाणी खाल्लं, अंगभर गंजाचे खवले आले. वर्षं गेली तसे उस्ताद गल्लीतल्या पोरांना सांगायला लागले, "हा शत्रूचा गोळा. माझ्या अंगावर आला, मी हवेतच झेलला!" पोरांचे डोळे बशीएवढे. खोटं कशाला बोलू, मीही जरा फुगलोच होतो.

उस्तादांची मुलगी लेथवर काम करते. तिच्या हाताला लोखंड कळतं. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या ऐंशीव्या वाढदिवसाला याला नवा करते." आठवडाभर मी रॉकेलात डुंबलो. मग तारेचा ब्रश फिरला, पोपडे गळाले आणि वर आली ठोकलेली अक्षरं: 'फक्त सरावासाठी'.

"बाबा! हवेत झेललात ना हा?"

उस्ताद कानकोंडे झाले. "तुला काय करायचंय? ग्राइंडर लाव आणि सगळं सपाट कर. पोरांना काय तोंड दाखवू मी?"

"सगळं?"

"सगळं म्हटलं ना!"

मित्रांनो, गोळ्याच्या पोटातही गोळा येतो बरं का! अक्षरं गेली तर गेली. पण त्यांच्या खालीच, उरलेल्या गंजाआड, माझे ठिपके होते. उस्तादांना त्यांची आठवण राहिली नव्हती आणि मला तोंड नव्हतं. तिनं ग्राइंडरची पिन लावली. पण यंत्र टेकवण्याआधी जागेवरून अंगठा फिरवून बघायची तिची सवय.

"बाबा, हे काय खरखरतंय? आणि ओळीनं आहे."

तिनं ब्रश मारला. उस्ताद वाकले. एका ठिपक्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. ओठ हलत राहिले. सदतिसाव्यावर बोट थांबलं.

"सदतीस तुकड्या," ते हळूच म्हणाले. "कुणाचं नखसुद्धा गेलं नाही गं."

मुलीनं पिन उपसली. "आणि एवढं सोडून तुम्ही झेललेला गोळा सांगत बसलात? कमाल आहे तुमची!"

आता मी बाहेरच्या खोलीत ऐटीत उभा असतो. रंग नाही, अंगावर फक्त तेलाचा पातळ हात. पोरं आली की उस्ताद आधी विचारतात, "बोटं किती आणलीत?" मग खरी गोष्ट सांगतात. परवा सदतिसाच्या पन्नास तुकड्या झाल्या, पण ते जाऊ द्या.

माझ्यासारखं काही रानात पडलेलं दिसलं तर हात लावू नका हं, मोठ्यांना बोलवा. सगळ्यांचीच पोटं माझ्यासारखी रिकामी नसतात. आणि घरातली जुनी वस्तू घासायला घेतलीत, तर आधी तिच्यावरून अंगठा फिरवून बघा.

मी एकही लढाई पाहिली नाही. पण माझ्यावर शिकलेली बोटं धरून कितीतरी लेकरं चालायला शिकली असतील. फुटणाऱ्या एखाद्या गोळ्याला मिळालाय का असा मान, सांगा बघू?