बापाचा रकाना

"सहा वर्षं पोसलं, अन् थोबाड एकाचंही नाही घेतलं लेकानं."

शशिकांतराव हे ऑर्किडच्या फुलाला सांगत होते. पण नाक फुलात अन् पाठ विभावरीच्या ओट्याला टेकलेली, त्यामुळे ऐकावं तिलाच लागलं. कूलरची ओली हवा स्वयंपाकघराच्या खिडकीतच येते, म्हणून कुंडीचा मुक्काम तिथे.

खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात तपासणीत तेहतीस वर्षं काढलेला माणूस. माल कुठल्या लॉटचा ते कळल्याशिवाय शिक्का नाही, ही सवय काही निवृत्त झाली नव्हती. आता ऑर्किडची नोंदणी विलायतेला करायची होती. फॉर्मात रकाने चार: नाव, आई, बाप आणि संकर कोणी केला. नाव बायकोचं, 'विभावरी', हे त्यांनी परस्पर ठरवलेलं. आई पांढरी. बाप त्यांच्या वहीप्रमाणे जांभळा. पराग त्यांनी स्वतः काडीनं लावला होता, तारीखवार नोंद होती. पण फूल निघालं हिरवट, पाकळ्या चकलीसारख्या मुरडलेल्या.

"मधमाशी आली असेल, बाबा," सून चिन्मयी सासूकडे न बघता म्हणाली.

"जाळी होती."

"तो जाळी फटी होगी."

"चिन्मयी, चहा ठेव," विभावरी म्हणाली.

झालं होतं असं, की पराग लावून शशिकांतराव महिनाभर ट्रेनिंगला गेले आणि आठव्या दिवशी शेंग पिवळी पडून गळली. त्याच हप्त्यात राइट टाउनला त्यांच्या मित्राच्या, दिवाकरच्या घरी सुहासिनीचं हळदीकुंकू होतं. वाण म्हणून सगळ्यांना चाळण्या मिळाल्या. विभावरीनं चाळणी परत केली आणि अंगणातल्या मुरडलेल्या ऑर्किडचा पराग मागितला. कुंकवाच्या पुडीत बांधून आणला, घरच्या त्याच पांढऱ्या झाडाला लावला. शेंग धरली. मग चायना ग्रासच्या जेलीत केळं अन् नारळपाणी घालून बाटल्या कुकरमधून काढल्या, वाफेवर बी पेरलं. अकरा बाटल्यांना बुरशी आली, बारावी हिरवी झाली.

पण त्याआधीच शशिकांतराव परतले होते आणि शेंग बघून त्यांनी अख्ख्या सेक्शनला पेढे वाटले होते. त्यानंतर सांगणार कोण? प्रदर्शनात या फुलाला कप मिळाला तेव्हा ते माइकवर म्हणाले, "मिसेसनं पाणी घातलं. तिचाही सपोर्ट आहे." विभावरीनं टाळ्या वाजवल्या होत्या, पण हात दुखेपर्यंत नाही.

"आज दिवाकरकडे जाऊन आलो," शशिकांतरावांनी भिंग ठेवलं. "त्याच्याकडे असंच मुरडलेलं आहे. विचारलं, तर म्हणतो, सुहासिनीला विचार. सुहासिनी म्हणते, भाऊजी, पोहे घ्या. काहून सगळे मला खाऊ घालून राहिले?"

चिन्मयीनं बिस्किटांची बशी पुढे केली आणि मागे घेतली.

"जाऊ दे. जांभळाच लिहितो. तुझ्या साठीच्या आत नाव छापून आलं पाहिजे." तेहतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा शिक्का न तपासलेल्या मालावर पडत होता, तोही तिच्यासाठी. तेवढ्यात ते चौथ्या रकान्यात आले आणि वळणदार अक्षरात 'शशि' लिहून झालं.

"थांबा," ती म्हणाली. "नाव दुसरं ठेवा."

"काहून? आवडलं नाही?"

"आवडलं. पण मला वरच्या रकान्यात नको, खालच्यात पाहिजे."

चिन्मयीनं गॅस बंद केला.

"तुमची शेंग आठव्या दिवशीच गळली होती," विभावरी म्हणाली. "बाप सुहासिनीच्या अंगणातला आहे, अन् संकर मी केला आहे."