अर्ध्या पदराची तसबीर

लातूरला चित्रकलेच्या डिप्लोमाला असलेली तनुजा उन्हाळ्याच्या सुट्टीत लोह्याला घरी गेली नाही, नांदेडला रूम करून राहिली. दोन महिने कामं करते अन् उरलेल्या वेळात स्वतःची चित्रं काढते, असं तिनं बापाला, शेषेरावांना सांगितलं होतं. आता हा उरलेला वेळ उरायचा कुठून? सकाळी एका मेसमध्ये चपात्या लाटायच्या, दुपारी निजामोद्दीनचाचांच्या फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायचं, अन् दिवस कलला की लग्नघरी मेंदी काढायला पळायचं. रूमवर येऊन अंग टाकलं की डोळा लागलाच. मे संपत आला तरी कागद कोरेच होते. ते तिच्या जिवाला फार लागलं होतं.

दुकानात तरी काम कसलं? वाढदिवसाचे भाऊ आणि दादा, नाहीतर मेलेली माणसं. आपल्याकडं माणूस गेलं की तेरवीच्या आत त्याचा बॅनर चौकात झळकावाच लागतो. जन्म सगळा बंडीवर काढलेल्या म्हाताऱ्याला घरचे म्हणणार, कोट घाला. तनुजा कोट घालायची. कुणाला फेटा, कुणाला जाकीट, बाईमाणसाला काठापदराची साडी. मेल्यावर एवढा थाट, मग जिवंतपणी काय झालं होतं? पण गिऱ्हाइकाशी वाद घालतो कोण.

अशाच एका दुपारी केरबा आला. साठीचा माणूस, उन्हानं पार रापलेला. बायको सिंधू मागच्या आठवड्यात गेली होती.

"बॅनर नको, माय," तो तनुजाला म्हणाला. "घरात लावाया एक तसबीर पायजे. लेकरूबाळ न्हाई आमाला. तिच्या माहेरचं बी कोनी ऱ्हायलं न्हाई. तिचं तोंड तेवढं घरात ऱ्हावं, एवढंच हाय."

फोटो होता पुतण्याच्या लग्नातला. बायांच्या घोळक्यात मागं उभी सिंधू, मान खाली, पदर इतका ओढलेला की उजवी बाजू सगळी झाकलेली. दुसरा फोटो नव्हता. कुणी मोबाइल काढला की ती उठून चुलीकडं जायची. आधार कार्डावर फोटो होता म्हणा, पण त्यात नुसता काळा डाग.

तनुजानं दुकानाची नेहमीची रीत केली. उघडी होती ती डावी बाजू उचलली, उलटी करून उजवीकडं जोडली, पदर मागं सारला, कपाळावर कुंकू ठेवलं. झाली बाई तयार. तनुजाला काम फत्ते झाल्यासारखं वाटलं.

केरबानं पडद्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ही न्हाई," तो म्हणाला.

"काका, तिचाच चेहरा आहे."

"आसंल. पर ही न्हाई."

निजामोद्दीनचाचा गल्ल्यावरून म्हणाले, "बेटा, जाने दे. पदर हाय तसाच छापून दे." पण तनुजाच्या मनानं घेतलं. उन्हाळाभरात पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडं खरा चेहरा मागितला होता. तिनं कॉम्प्युटर सोडला, पिशवीतून कागद अन् पेन्सिल काढली आणि केरबाला समोरच्या स्टुलावर बसवलं.

"तुम्ही सांगा, मी काढते. उजव्या गालावर तीळ होता का? खळी पडायची का?"

केरबा आपल्याच हाताकडं बघाय लागला.

"भुवई कशी होती? जाड?"

"भुवयीवानीच की."

"हसली की कशी दिसायची?"

"हसताना ती तोंडाला पदर लावायची."

मग तो आपणहून बोलाय लागला. शेतात लांबून नुसती चाल बघून सिंधू ओळखू यायची. भाकर थापताना डाव्या हातातल्या बांगड्या मागं सारायची. पहाटं खोकली की दुखणं वाढलंय हे त्याला कळायचं. आवाज, हात, पाठ, सगळं पाठ होतं गड्याला. तनुजाची पेन्सिल मात्र जागची हलली नाही. तिला चेहरा पाहिजे होता.

"काका, शेजारच्या बायांना विचारा ना. त्या सांगतील."

केरबाचा चेहरा एकदम उतरला.

"त्यांना जाऊन इचारू? माझ्या बायकोचं तोंड कसं व्हतं म्हनून?"

तनुजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण काय बोलून बसलो हे तिला कळलं, पण शब्द गेले ते गेले.

"घरात म्हातारा-म्हातारी व्हते," केरबा खाली बघून म्हणाला. "त्यांच्यादेखत बायकूकडं बघनं म्हंजी लाज. मग ते गेले, तवा सवयच न्हाई ऱ्हायली. ती ताट ठिवायची, मी ताटाकडं बघायचो. दवाखान्यात बी मी सलाईनकडंच बघत बसलो. आता तू इचारती तर मला काई सांगता येईना, माय."

डोळे कोरडेच होते त्याचे. तनुजाला मात्र भरून आलं. धीर करून तिनं पेन्सिल टेकवली. दिसत होती ती डावी बाजू फोटोवरून काढली, उजवी स्वतःच्या मनानं. गालाची किंचित ओढ, दमलेला पण समजूतदार डोळा. चाचा उठून मागं येऊन उभे राहिले अन् "माशाअल्ला" म्हणाले. असं चित्र तनुजाच्या हातून आजवर उतरलं नव्हतं, हे तिला कळत होतं.

कागद तिनं केरबासमोर धरला.

"लई सुंदर हाय," केरबा हळूच म्हणाला. "पर ही बाजू तुझी हाय, माय. माझ्याकडं ती न्हाईच. खोटं कशाला टांगू भिताडावर? पदर व्हता तसा ठिव."

तनुजाला वाटलं, नाही म्हणावं. हे चित्र राहू द्या, तुमच्यासाठी दुसरं करते, असं अगदी ओठावर आलं होतं. मग तिनं कागद परत मांडीवर घेतला आणि त्या डोळ्यावरून, त्या गालावरून पदराच्या रेघा ओढाय लागली. एकावर एक, दाट, खाली काही दिसू नये अशा.

"हाव," केरबा कागद हातात घेत म्हणाला. "हीच."

तनुजानं कागदाची गुंडाळी करायला हात पुढं केला, तर त्यानं कागद सोडलाच नाही.

"थांब जरा," तो म्हणाला. "बघू दे."